कापण्यापूर्वी चालवून पाहा : जुनी मोटारसायकल दुरुस्त करून तिला नवे रूप देण्याविषयी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे : सुमारे पंचवीस वर्षांपूर्वीची, एका सिलिंडरची, हवेने थंड होणारी आणि कार्ब्युरेटरवर (पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणाऱ्या भागावर) चालणारी मोटारसायकल तुम्ही विकत घेतली आहे. मागची चार वर्षे ती एका जागी उभी होती. तिला कॅफे रेसरचे रूप द्यायचे आहे, म्हणजे खाली बसवलेले हँडल, आखूड सीट, उघडा एअर फिल्टर, मोकळा सायलेन्सर आणि रुंद टायर. त्यासाठी सगळी गाडी एकदाच सुटी करून सुरुवात करावी का, हे तुम्हाला विचारायचे आहे.

माझे उत्तर नकारार्थी आहे. जुनी गाडी पूर्ण सुटी करण्यातला धोका खोलण्यात नसून दोष एकमेकांत मिसळण्यात आहे. आज गाडी नीट चालत नसेल, तर तो दोष तिचा जुना आहे. उद्या तुम्ही फिल्टर, सायलेन्सर, वायरिंग आणि सीट एकाच वेळी बदलले आणि मग गाडी मिसिंग करू लागली, तर ते जुन्या दुखण्यामुळे की तुमच्या बदलामुळे, हे मीसुद्धा पाहून सांगू शकणार नाही. म्हणून आधी गाडी मूळ स्वरूपात सुरू करावी, नीट थांबेल अशी करावी, काही शे किलोमीटर चालवावी आणि त्यानंतरच करवत हातात घ्यावी. या क्रमाला मी गेल्या अनेक वर्षांत एकदाच फाटा दिला. त्याची हकिगत पुढे येईल.

त्याआधीची एक गोष्ट चटकन उरकून घ्या. चौकटीवर कोरलेला क्रमांक आणि इंजिनावरचा क्रमांक कागदपत्रांशी अक्षर-अक्षर जुळवून पाहा, आणि चौकट, दिवे, आवाज यांत कोणते बदल चालतात हे तुमच्याकडच्या नोंदणी नियमांत वाचून घ्या. चौकट कापून झाल्यावर हा नियम वाचण्यात काही अर्थ राहत नाही.

चार वर्षे उभ्या असलेल्या इंजिनाला पहिल्याच दिवशी जोराने किक मारू नये. पिस्टनच्या रिंगा सिलिंडरच्या भिंतीला हलक्या गंजाने चिकटलेल्या असू शकतात. प्लग काढून त्या भोकातून दोन चमचे इंजिन ऑइल सोडावे, एक-दोन दिवस थांबावे आणि क्रँकच्या टोकावरील नटाला पाना लावून इंजिन हळूहळू फिरवावे. नट इंजिनाच्या फिरण्याच्या दिशेनेच फिरवावा, नाहीतर तोच सैल होईल. अडत असेल तर जोर न वाढवता आणखी ऑइल आणि आणखी वेळ द्यावा. याच वेळी ऑइलची डिपस्टिक काढून तिचा वास घ्या. ऑइलला पेट्रोलचा वास येत असेल आणि पातळी खुणेच्या वर गेलेली असेल, तर कार्ब्युरेटरमधली पेट्रोल अडवणारी फ्लोटची सुई गळते आहे आणि टाकीतले पेट्रोल इंजिनात उतरले आहे, असे समजावे. अशा पातळ झालेल्या ऑइलवर इंजिन सुरू केले तर बेअरिंगा खराब होतात. ऑइल तसेही बदलायचेच आहे. क्लच त्याच ऑइलमध्ये बुडालेला असेल, तर डब्यावर ‘जासो एमए’ किंवा ‘एमए२’ असे लिहिलेले ऑइल घ्यावे. मोटारींच्या अनेक ऑइलांत घर्षण कमी करणारी द्रव्ये असतात आणि त्यांमुळे क्लच घसरू लागतो.

इंजिन मोकळे फिरू लागले की टॅपेट (व्हॉल्व्ह दाबून उघडणारे भाग) तपासावेत आणि मगच कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) मोजावे. टॅपेटची फट थंड इंजिनावर, पिस्टन कॉम्प्रेशनच्या फेरीत वरच्या टोकाला असताना, फीलर गेजने (ठरावीक जाडीच्या पात्यांनी) मोजतात. अशा इंजिनांत ती बहुधा मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास असते, पण नेमका आकडा तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमधलाच घ्यावा. फट अजिबात नसेल तर व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही आणि कॉम्प्रेशन खोटेच कमी दिसते. पुष्कळ लोक या खोट्या आकड्यावर विसंबून पिस्टन उतरवतात. मोजताना ॲक्सिलरेटर पूर्ण उघडा धरावा आणि काटा वर चढायचा थांबेपर्यंत किक मारावी. आकडा कमी आला तर प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजावे. आता तो लक्षणीय वाढला तर रिंगा किंवा सिलिंडर झिजले आहेत, आणि जवळपास तेवढाच राहिला तर दोष व्हॉल्व्हकडे किंवा हेड गॅस्केटकडे आहे. पाच मिनिटांच्या या चाचणीवर इंजिन उघडायचे की नाही, हे ठरते.

जुन्या गाडीची बहुतेक रडगाणी पेट्रोलच्या वाटेवर असतात. टाकीतले जुने पेट्रोल ओतून टाका. त्याला वार्निशसारखा आंबूस वास येत असेल तर तोच थर कार्ब्युरेटरच्या आत वाळलेला आहे. टाकीत टॉर्च मारून पाहा. नुसती तांबूस झाक असेल, तर पेट्रोलचा कॉक काढून ते तोंड बंद करावे आणि टाकी सायट्रिक ॲसिडच्या कोमट द्रावणाने काठोकाठ भरून रात्रभर ठेवावी. दुसऱ्या दिवशी ती खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने विसळून आम्ल मारावे, स्वच्छ पाण्याने धुवावे आणि गरम हवेने ताबडतोब कोरडी करावी. हे ‘ताबडतोब’ महत्त्वाचे आहे, कारण नुकताच उघडा पडलेला पत्रा अर्ध्या तासात पुन्हा तांबडा होतो. म्हणून वाळताक्षणी आत थोडे ऑइल मिसळलेले पेट्रोल खळबळवून घ्यावे. टाकीला आतून लेप देण्याचा सल्ला तुम्हाला अनेक जण देतील. पत्र्याला बारीक छिद्रे पडली असतील तरच मी त्या वाटेला जातो, कारण नीट न चिकटलेला लेप दोन वर्षांनी पापुद्र्यांनी सुटतो आणि ते पापुद्रे थेट कार्ब्युरेटरच्या जेटमध्ये, म्हणजे पेट्रोल मापून सोडणाऱ्या बारीक छिद्राच्या पितळी तुकड्यात, जाऊन बसतात.

कार्ब्युरेटर उघडताना मी जवळ पांढरे कापड अंथरतो आणि निघालेला प्रत्येक भाग निघाल्याच्या क्रमाने त्यावर मांडतो. सगळ्यांत जास्त त्रास देणारा भाग सगळ्यांत लहान असतो, तो म्हणजे मंद वेगाला पेट्रोल देणारा पायलट जेट. त्याचे छिद्र अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही बारीक असते. तो उजेडासमोर धरा. छिद्रातून पूर्ण गोल, स्वच्छ प्रकाशाचा ठिपका दिसला पाहिजे. चंद्रकोर दिसली तरी तो अडलेलाच आहे. चोक ओढल्याशिवाय गाडी चालू राहत नाही, सिग्नलला बंद पडते, ही तक्रार दहांपैकी सात-आठ वेळा या चंद्रकोरीतून येते. छिद्रात पोलादी तार घालू नये, कारण पितळ मऊ असते आणि छिद्र मोठे झाले तर जेट बाद होतो. फवाऱ्याचा क्लीनर, दाबाची हवा आणि अगदीच नाइलाज झाला तर मासे धरण्याच्या गळाचा नायलॉनचा बारीक दोरा वापरावा. मिक्श्चरचा स्क्रू काढण्याआधी तो आत पूर्ण बसेपर्यंत किती फेऱ्या फिरतो हे मोजून लिहून ठेवा. कार्ब्युरेटर आणि हेड यांना जोडणाऱ्या रबराला वाकवून पाहा. भेगा पडल्या असतील तर तिथून हवा शिरते, मिश्रण पातळ होते (हवा जास्त, पेट्रोल कमी) आणि तुम्ही जेट बदलत बसता.

स्क्रूंबद्दल थोडे विषयांतर करतो. गाडी जपानी बनावटीची किंवा त्या धाटणीची असेल, तर तिचे अधिकाचे चिन्ह असलेले स्क्रू दिसायला फिलिप्ससारखे असले तरी ते जपानच्या जेआयएस मानकाचे असतात. काही स्क्रूंच्या माथ्यावर एक बारीक टिंब कोरलेले असते. फिलिप्सचा पेचकस त्यांत पूर्ण खोल बसत नाही, वर येतो आणि माथा चावून ठेवतो. इंजिनाच्या बाजूच्या झाकणांवरचे गोल झालेले स्क्रू हे बहुतेक याच चुकीचे फळ असते. जेआयएसचा पेचकस घ्या, घट्ट स्क्रूंना हातोडीने ठोकायचा इम्पॅक्ट ड्रायव्हर वापरा आणि त्याआधी एक रात्र गंजनाशक तेल मुरू द्या.

गाडी सुरू झाली म्हणजे ती रस्त्यावर नेण्याजोगी झाली असे नाही. टायरच्या बाजूवर लंबगोलात चार आकडे असतात. ‘२३१९’ असेल तर तो टायर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात तयार झाला आहे. तीनच आकडे असतील तर तो २००० सालापूर्वीचा आहे; नक्षी कितीही खोल असली तरी तो टाकून द्यावा. दहा वर्षांवरच्या टायरबाबत मी वाद घालत नाही, बदलतो. पुढे डिस्क ब्रेक असेल तर जुने ब्रेक ऑइल पूर्ण काढावे. डॉट ३, ४ आणि ५.१ ही ऑइले हवेतली ओल शोषतात. नव्या डॉट ४ चा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असतो, पण ओल शिरल्यावर तोच १५५ अंशांपर्यंत उतरू शकतो. उतारावर लिव्हर स्पंजासारखा लागू लागतो तो यामुळे. डॉट ५ मात्र सिलिकॉनचे असते आणि ते या तिघांत मिसळू नये. ब्रेक ऑइल रंग उकलते, त्यामुळे टाकीवर ओले फडके पसरूनच हे काम करावे. ड्रम ब्रेक असेल तर आतली धूळ हवेने उडवू नका, कारण जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतो. ओल्या फडक्याने पुसून घ्यावी.

मग पुढचे चाक जमिनीपासून उचलून हँडल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश फिरवा. बरोबर मध्यावर ते खाचेत बसल्यासारखे अडत असेल, तर कोनसेट (हँडल ज्यावर फिरते ती बेअरिंग) गेला आहे. घट्ट करून तो सुधारत नाही. मागचे चाक आडवे हलवून स्विंगआर्मच्या (मागचे चाक धरणाऱ्या हलत्या दांड्याच्या) बुशांतील ढिलाई पाहा, आरे असतील तर प्रत्येक आऱ्यावर छोट्या पान्याने टिचकी मारून आवाज ऐका. सैल आरा बद्द वाजतो. चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट एकदमच बदलावेत; झिजलेल्या दातांवर नवी चेन फार दिवस टिकत नाही.

विजेच्या कामात अंदाजाला स्थान नाही, मल्टिमीटर हवाच. बारा व्होल्टची चांगली बॅटरी गाडी बंद असताना १२.६ च्या आसपास दाखवते. इंजिन मध्यम वेगाने फिरत असताना बॅटरीच्या टोकांवर साधारण १३.८ ते १४.५ दिसले पाहिजेत. आकडा वाढतच नसेल तर स्टेटर (वीज तयार करणारा भाग), रेग्युलेटर (तिचा दाब आवरणारा भाग) किंवा त्यांच्यामधले जोड पाहावेत. १५ च्या वर जात असेल तर रेग्युलेटर बदलावा. त्यानंतर हेडलाइट लावून मीटरची एक तार बॅटरीच्या ऋण टोकाला आणि दुसरी इंजिनाच्या उघड्या धातूला लावावी. इथे ०.२ व्होल्टपेक्षा जास्त दिसले तर अर्थिंग खराब आहे. वायरिंगचा संपूर्ण हार्नेस बदलण्याआधी प्रत्येक जोड उघडून, हिरवट थर घासून, पुन्हा बसवून पाहा. बहुतांश जुन्या हार्नेसमध्ये तांबे शाबूत असते. दोष जोडांत आणि आधीच्या मालकाने टेप गुंडाळून केलेल्या फांद्यांत असतो.

आता पाचशे किलोमीटर चालवा आणि एक वही ठेवा. कोणत्या वेगाला थरथर येते, किती किलोमीटरला किती ऑइल कमी झाले, गरम झाल्यावर पुन्हा सुरू होते का, ब्रेक मारल्यावर कोणत्या बाजूला ओढते, हे सगळे तिच्यात लिहा. पुढे बदल करताना ही वहीच तुमची मोजपट्टी असेल.

आता रूपाकडे वळू. कॅफे रेसर ही मुळात सजावट नव्हती. १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात आणि साठच्या दशकात ब्रिटनमधली तरुण मंडळी ताशी शंभर मैलांचा वेग गाठण्यासाठी गाड्या बदलत असत; नॉर्टनची ‘फेदरबेड’ चौकट आणि ट्रायम्फचे जोडसिलिंडर इंजिन एकत्र करून बनवलेली ‘ट्रायटन’ ही त्यांची सर्वांत प्रसिद्ध गाडी. हँडल खाली आले ते वाऱ्याचा अडथळा कमी करण्यासाठी, आणि हँडल खाली आले म्हणून पावदाने मागे गेली. आज अनेक जण यातला पहिला बदल करतात आणि दुसरा सोडून देतात. मग शरीराचा सगळा भार मनगटांवर येतो आणि चाळीस मिनिटांत हात बधिर होतात. पावदाने मागे नेताना मात्र ब्रेकच्या पायपट्टीचे तरफेचे गुणोत्तर बदलते, हे ध्यानात असू द्या; मागे ड्रम असेल तर ब्रेक पूर्ण दाबल्यावर रॉड आणि कॅमचा दांडा यांत साधारण काटकोन व्हावा, नाहीतर चांगला ब्रेकही मऊ लागतो. हँडल बसवल्यावर दोन्ही टोकांपर्यंत फिरवा : अंगठा टाकीला चेपतो का, आणि इंजिन चालू ठेवून हँडल वळवले असता केबल ताणून आपोआप पिकअप वाढतो का, हे पाहा. दुसरी गोष्ट वळणावर जिवावर बेतू शकते.

सीट आखूड करण्यासाठी मागची चौकट कापण्याआधी चाक किती वर येते हे प्रत्यक्ष मोजावे लागते, आणि ते गाडीवर बसून उड्या मारल्याने कळत नाही. मी असे करतो. शॉक ॲब्सॉर्बर काढून त्याच्या दोन टोकांच्या बोल्टच्या भोकांमधली लांबी मोजतो, समजा ३२० मिलिमीटर. त्याची आत जाणारी दांडी किती दिसते ते मोजतो, समजा ८० मिलिमीटर. मग २४० मिलिमीटर अंतरावर भोके पाडलेल्या दोन मजबूत लाकडी पट्ट्या शॉकच्या जागी बसवतो. आता मागचे चाक ज्या उंचीवर आहे, ती त्याची सर्वांत वरची उंची. या स्थितीत टायर आणि सीटचा तळ यांत निदान दोन बोटे जागा उरली पाहिजे, आणि तिथून जाणारी एकही वायर टायरच्या वाटेत येता कामा नये. कापायचे ते शॉकच्या वरच्या टेकूच्या मागेच. त्या टेकूच्या पुढची नळी चौकटीचा त्रिकोण धरून असते. ती कापली तर चौकट वळणावर पिळते आणि पुढे वेल्डजवळ तडकते. मागच्या टोकाला नव्या नळीचा वळसा जोडताना नळीच्या आत घट्ट बसणारा पोलादी तुकडा घालून मग वेल्डिंग करावे, आणि वेल्डिंगपूर्वी बॅटरी व सीडीआय (ठिणगीची वेळ सांभाळणारा इलेक्ट्रॉनिक डबा) काढून बाजूला ठेवावेत.

उघडा फिल्टर आणि मोकळा सायलेन्सर यांविषयी मी थोडा कठोर बोलणार आहे. एअर बॉक्स हा नुसता डबा नसतो. तो कार्ब्युरेटरला शांत, ठरावीक दाबाची हवा पुरवतो आणि मूळ जेट त्याच हिशेबाने निवडलेले असतात. तो काढला की हवा वाढते, पेट्रोल तेवढेच राहते, मिश्रण पातळ होते, इंजिन तापते आणि टोकाला पिस्टन सीज होतो किंवा त्याला भोक पडते. तुमचा कार्ब्युरेटर व्हॅक्यूमने स्लाइड (हवेची वाट उघडणारा सरकता भाग) उचलणारा असेल तर काम आणखी नाजूक होते, कारण बाजूने येणारा वारासुद्धा स्लाइडच्या हालचालीत ढवळाढवळ करतो. शक्ती वाढेल म्हणून हे करायचे असेल तर करू नका. अशा साध्या इंजिनात वाढतो तो मुख्यतः आवाज. दिसण्यासाठीच हवे असेल, तर जेटिंगला, म्हणजे योग्य मापाचे जेट शोधण्याला, दोन-तीन रविवार द्यायची तयारी ठेवा. ॲक्सिलरेटरच्या मुठीवर आणि तिच्या शेजारी चिकटपट्टी लावून पाव, अर्धा, पाऊण आणि पूर्ण अशा खुणा करा. बंद ते पाव उघडीपपर्यंत मुख्यतः पायलट जेटचे राज्य असते, पाव ते पाऊण स्लाइडला लटकलेल्या सुईचे, आणि त्यापुढे मेन जेटचे. गाडी कोणत्या खुणेवर अडखळते ते पाहा आणि तोच एक भाग, एका वेळी एकाच पायरीने बदला. सुरुवात जाड मिश्रणाकडून करून पातळाकडे यावे, कारण जाड मिश्रणाने फक्त प्लग काळा होतो.

रुंद टायरचा विचार मी तरी सोडून देण्यास सांगेन. अरुंद रिमवर रुंद टायर चढवला की त्याचे काठ आत दाबले जातात, माथा टोकदार होतो आणि रस्त्याला टेकणारा भाग अपेक्षेइतका वाढत नाही. शिवाय तो चेनला घासू शकतो. मूळ मापाच्या एक पायरी वरपर्यंत, तेही रिमच्या रुंदीला टायर उत्पादकाच्या तक्त्यात मान्यता असेल तरच जावे. एलईडी इंडिकेटर लावले आणि ते वेड्यासारखे भरभर लुकलुकू लागले, तर घाबरू नका. जुना फ्लॅशर बल्बच्या भारावर चालतो, त्याच्या जागी इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर लावला की झाले.

आता ती कबूल केलेली हकिगत. एका गाडीची चौकट मी सुरुवातीलाच पावडर कोटिंगला दिली, कारण रंग मनात भरला होता. जोडणी झाल्यावर प्लगला ठिणगी कधी येई, कधी नाही. मी कॉइल बदलली, सीडीआय बदलला, दोन दिवस गेले. शेवटी मीटर लावला तर बॅटरीचे ऋण टोक आणि इंजिन यांत तीन व्होल्टहून जास्त फरक दिसत होता. इंजिनाच्या बोल्टांखाली आणि अर्थच्या वायरीखाली सर्वत्र तो सुंदर, जाड, विजेला अडवणारा थर बसला होता. कानशीने दोन ठिकाणी रुपयाएवढी जागा खरवडली आणि गाडी पहिल्या किकला सुरू झाली. तेव्हापासून रंगाआधी सगळी गाडी कच्च्या धातूवर जोडून, चालवून, मग पुन्हा सुटी करतो. रंगाला देताना आटे, बेअरिंगच्या बैठका आणि अर्थिंगच्या जागा झाकायला सांगतो. शिवाय रंगाखाली तडा लपतो, त्यामुळे जुना रंग उतरल्यावर स्टिअरिंगच्या नळीजवळचे आणि इंजिनाच्या टेकूंजवळचे वेल्ड भिंगातून पाहून घ्यावेत.

सायलेन्सरच्या नळीला कापडी पट्टी गुंडाळण्याबद्दल तुम्ही शेवटी विचारले आहे. ती गुंडाळू नका. पावसाचे पाणी तिच्यात मुरते, साधी पोलादी नळी आतल्या आत गंजते आणि ते तुम्हाला पट्टी काढेपर्यंत दिसत नाही.